पडद्यावरचे गड आणि नीरेकाठचे अकलूज

(धागा)

१.
फेब्रुवारी १६८९. नीरा नदीच्या काठी, अकलूजच्या परिसरात बादशहा औरंगजेबाची छावणी पडलेली होती. संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले, ही बातमी त्याला याच छावणीत मिळाली. मोगली इतिहासकारांनी त्या वेळच्या आनंदोत्सवाची नोंद केली आहे. अकलूजचे नावही बदलले गेले. मराठी इतिहासग्रंथांत ते 'असदनगर' असे आढळते.

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' प्रदर्शित झाला. त्यानंतर कसबा संगमेश्वर, तुळापूर आणि वढू बुद्रुक येथे तरुणांची रीघ लागली. अकलूजला मात्र त्या चित्रपटासाठी सहसा कोणी आले नाही. साहसपट माणसाला घराबाहेर काढतो हे खरे. पण तो त्याला कुठे नेतो, आणि कुठे नेऊन सोडून देतो? हा धागा त्याविषयी आहे.

२.
चित्रपट येण्यापूर्वी अकलूजला प्रवास ठाऊक नव्हता, असे मुळीच नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी सराटीचा मुक्काम आटोपून नीरा ओलांडते आणि अकलूज येथे सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. नीरेत पादुकांना स्नान घडते, अकलूजला गोल रिंगण होते आणि दिंड्या पुढे बोरगावच्या वाटेला लागतात. शेकडो मैल पायी चालणारी माणसे या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत.

मात्र जुन्या मराठी समाजातील प्रवासाला नेहमी काहीतरी कारण असे. वारी, तीर्थयात्रा, लग्नकार्य, बाजार, मोहीम, नाहीतर दुष्काळातील स्थलांतर. एखादे ठिकाण केवळ पाहण्यासाठी, तेथील घटना मनात जागवण्यासाठी जाणे ही सामान्य माणसाच्या आयुष्यातील नवी गोष्ट होती. ही सवय लावण्यात शाळेतील इतिहास, कादंबऱ्या, पोवाडे आणि नाटके यांचा वाटा मोठा आहे. विसाव्या शतकात त्यांच्या जोडीला चित्रपट आला.

३.
गावाने चित्रपटापर्यंत जाण्याआधी चित्रपटच गावापर्यंत आला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. शहरांत चित्रपटगृहे उभी राहिली. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र हे माध्यम आधी बैलगाडीतून आणि पुढे ट्रकमधून फिरले. तेच टुरिंग टॉकीज.

जत्रेच्या मैदानात तंबू ठोकायचा, ट्रकमध्येच बसवलेल्या प्रोजेक्टरमधून पडद्यावर प्रकाश टाकायचा, कर्ण्यावरून गावभर पुकारा करायचा, बाया आणि पुरुषांना दोन बाजूंना बसवायचे. रीळ बदलताना पडदा काळा झाला की शिट्ट्या. जत्रा संपली की तंबू पुढच्या गावाला. या फिरत्या तंबूंच्या अखेरच्या पर्वावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ च्या कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली.

ज्यांना स्वतःला प्रवास परवडत नव्हता, त्यांच्यासमोर दूरचे प्रदेश याच तंबूत उभे राहिले. शेतात राबणाऱ्या माणसासाठी समुद्र, बर्फ, बंदर, आगगाडीचा लांबलचक पूल यांचे पहिले दर्शन अनेकदा पडद्यावरचेच असे.

४.
मराठी साहसपटाच्या इतिहासात १९२३ हे वर्ष महत्त्वाचे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'सिंहगड' हा मूकपट काढला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. कथेचा आधार हरी नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी. शेलारमामांच्या भूमिकेत होते तरुण व्ही. शांताराम. रात्रीची लढाई दाखवण्यासाठी पेंटरांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. सूर्यप्रकाशावरच चित्रण चालण्याच्या त्या काळात ही मोठी झेप होती.

तानाजींची गोष्ट प्रेक्षकांना आधीच माहीत होती. पोवाड्यात ती ऐकलेली होती, कादंबरीत वाचलेली होती. चित्रपटाने त्यात एक वेगळी भर घातली. तानाजी जिथे चढले तो कडा एक ठिकाण आहे, तो डोळ्यांनी पाहता येतो, ही जाणीव त्याने दिली. ऐकलेल्या गोष्टीतला कडा ऐकणाऱ्याच्या कल्पनेत असतो. पडद्यावर पाहिलेला कडा पुण्याच्या नैर्ऋत्येस आहे आणि तिथे जाणारी वाट विचारता येते.

५.
तीसच्या दशकात साहसाला वेग आला. मुंबईच्या वाडिया मूव्हिटोनने १९३५ मध्ये 'हंटरवाली' काढला. नायिका होती ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेली मेरी इव्हान्स, म्हणजेच फिअरलेस नादिया. पुढच्याच वर्षी होमी वाडिया यांचा 'मिस फ्रंटियर मेल' आला. रेल्वेचे अपघात घडवून आणणारी टोळी आणि धावत्या गाडीच्या टपावर तिच्याशी लढणारी नायिका, असा त्याचा थाट.

शीर्षकातील गाडी कल्पित नव्हती. फ्रंटियर मेल १९२८ पासून मुंबई ते पेशावर धावत होती. गुलाम देशातील तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला डब्यात नीट उभे राहायलाही जागा मिळत नसे. पडद्यावर मात्र एक स्त्री त्याच गाडीच्या टपावरून मोकळेपणी धावत होती. प्रवास म्हणजे केवळ हाल सोसणे नव्हे, त्यात स्वातंत्र्यही असू शकते, ही कल्पना असल्या चित्रपटांनी सर्वसामान्यांच्या मनात रुजवली. उच्चभ्रू समीक्षकांनी त्यांना हलके लेखले. तंबूतल्या प्रेक्षकांनी तसे केले नाही.

६.
मराठीत ऐतिहासिक साहसपटाची धुरा दीर्घकाळ भालजी पेंढारकर यांनी वाहिली. 'नेताजी पालकर' (१९३९), 'बहिर्जी नाईक' (१९४३), 'छत्रपती शिवाजी' (१९५२), 'पावनखिंड' (१९५६), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४). कोल्हापूरच्या मातीत तयार झालेल्या या चित्रपटांतील घोडदौड, गुप्तहेर, वेशांतर आणि अवघड वाटा यांनी दोन-तीन पिढ्यांच्या मनात सह्याद्रीचा एक नकाशा तयार केला.

त्या नकाशाला पुढच्या काळात पायवाटा फुटल्या. गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या लेखकांनी गडांवर अक्षरशः आयुष्य घालवले आणि वाचकांना चालते केले. गिर्यारोहण संस्था निघाल्या. आज दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती भर पावसात, चिखल तुडवत शेकडो तरुण करतात. 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' (२०२२) या अलीकडच्या चित्रपटांनी त्या वाटांवर नवी माणसे आणली. चित्रपट पाहून पहिल्यांदा गडावर गेलेला मुलगा काही वर्षांनी मोडी लिपी शिकताना दिसतो, अशी उदाहरणे इतिहासाच्या वर्तुळात विरळ नाहीत. साहसपटाचे हे ऋण मान्य करायलाच हवे.

७.
आता दुसरी बाजू. सिंहगडावर पोहोचलेला प्रवासी सोबत दोन गोष्टी हमखास घेऊन येतो. एक, यशवंती घोरपड. दोन, तानाजींच्या मृत्यूनंतर कोंढाण्याचे 'सिंहगड' झाले ही समजूत.

तानाजींचे युद्ध झाले ४ फेब्रुवारी १६७० रोजी. पण एप्रिल १६६३ मधील शिवाजी महाराजांच्या पत्रातच या किल्ल्याचा उल्लेख 'सिंहगड' असा येतो. म्हणजे नाव आधीचे, बलिदान नंतरचे. घोरपडीची कथा शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याच्या परंपरेतून लोकप्रिय झाली. राजाराम महाराजांच्या काळात, १६९७ च्या सुमारास जिंजीत लिहिली गेलेली सभासदाची बखर निराळे सांगते. तिच्यात निवडक मावळे वानरांप्रमाणे कडा चढून जातात आणि इतरांसाठी वर येण्याची सोय करतात.

२०२० च्या 'तान्हाजी' चित्रपटात तर सिंहगडावरून थेट राजगडावर रोखलेली प्रचंड तोफ आहे. सिंहगडाच्या माथ्यावर उभे राहून राजगडाची दूरवरची आकृती एकदा पाहावी. मधल्या डोंगररांगा आणि अंतर पाहिले की त्या काळची कोणतीही तोफ तिथवर मारा करू शकत नव्हती, हे समजायला ग्रंथ लागत नाही. चित्रपटाने नेलेल्या जागीच चित्रपटाची चूक दिसते. प्रवासाचे हे सामर्थ्य आहे.

८.
हे केवळ महाराष्ट्रातच घडते असे नाही. जॉर्डनमधील पेट्रा येथे खडकात कोरलेली 'अल-खझनेह' ही भव्य वास्तू आहे. १९८९ च्या 'इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड' या चित्रपटाने ती जगभर पोहोचवली. चित्रपटात तिच्या दारातून आत गेले की सापळ्यांनी भरलेल्या वाटा आणि पवित्र प्याल्याचे दालन लागते. प्रत्यक्षात आत लहान, साध्या, रिकाम्या खोल्या आहेत. ती वास्तू बहुधा नबातियन राजाचे स्मारक किंवा थडगे होती.

'खझनेह' म्हणजे खजिना. तिच्या शिखरावरील दगडी कलशात धन दडले आहे, अशी स्थानिक दंतकथा होती. कलश फुटून धन खाली पडावे म्हणून लोकांनी त्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्या खुणा आजही दिसतात. कलश मात्र सबंध भरीव दगडाचा आहे.

९.
ही पेट्राची गोष्ट दूरची वाटत असेल, तर मार्च २०२५ मधील असीरगड आठवावा. 'छावा'मध्ये बुऱ्हाणपूरची लूट दाखवली आहे. मराठ्यांनी १६८१ च्या आरंभी बुऱ्हाणपुरावर छापा घातला होता, ही ऐतिहासिक घटना. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर काही आठवड्यांत बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात लोक रात्री टॉर्च घेऊन शेते खणू लागले. मोगलकालीन सोन्याची नाणी सापडतात, अशी अफवा पसरली होती. त्या खोदकामाची दृश्ये देशभर दाखवली गेली.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने असे खोदकाम म्हणजे पुराव्याचा नाश. नाणे कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडले यावरून इतिहास कळतो. रात्री कुदळीने उपसलेल्या मातीतून ते कायमचे पुसले जाते. पडदा माणसाला घराबाहेर काढतो. बाहेर पडलेल्या माणसाच्या हातात कुदळ असावी की वही, हे मात्र पडदा ठरवत नाही.

१०.
पुन्हा अकलूजकडे. १६८९ च्या त्या घटनाक्रमातील ठिकाणे नकाशावर क्रमाने मांडून पाहावीत. डिसेंबर १६८८ मध्ये विजापुरात रोगाची साथ असताना औरंगजेबाने ते शहर सोडले. पुढचा महत्त्वाचा तळ अकलूज, नीरेच्या काठी. संभाजी महाराजांना कैदेत आणले गेले ते बहादूरगडास, म्हणजे पेडगावला, भीमेच्या काठी. त्यानंतर छावणी गेली कोरेगाव-तुळापूरकडे, पुन्हा भीमेच्याच काठी. ११ मार्च १६८९ रोजी महाराजांची हत्या झाली.

या क्रमात एकही उत्तुंग कडा नाही. आहेत त्या नद्या. लाखो माणसे, घोडे, हत्ती, उंट आणि बैल यांना रोज पाणी लागते आणि वैरणही लागते. म्हणून मोगली छावणीचा इतिहास नदीच्या काठाने वाचावा लागतो. साहसपटाचा भूगोल डोंगराचा आहे. या युद्धाचा निम्मा भूगोल सपाटीचा आहे, आणि तो सोलापूर, नगर व पुणे जिल्ह्यांतून जातो.

११.
अशी छावणी दिसत कशी असे? जेमेल्ली कारेरी नावाचा नेपल्सचा एक वकील १६९३ मध्ये जगप्रवासाला निघाला. तो राजदूत नव्हता, धर्मोपदेशक नव्हता, कोणत्या कंपनीचा नोकरही नव्हता. केवळ जग पाहण्यासाठी निघालेल्या आरंभीच्या युरोपीय प्रवाशांत त्याची गणना होते. १६९५ च्या मार्चमध्ये कृष्णाकाठच्या गलगली येथे तो औरंगजेबाच्या छावणीत पोहोचला आणि त्याने वृद्ध बादशहाला प्रत्यक्ष पाहिले. त्याच्या अंदाजाने छावणीचा घेर ३० मैल होता आणि तिच्यात २५० बाजार होते. आकडे अतिशयोक्त असू शकतात, पण ते एक चालते शहर होते हे निश्चित.

त्याच वर्षी बादशहाचा तळ भीमेकाठी ब्रह्मपुरी येथे, आजच्या मंगळवेढा तालुक्यात आला आणि १६९९ पर्यंत राहिला. शेजारी माचणूरचा किल्ला आजही उभा आहे. म्हणजे हिंदुस्थानच्या बादशहाचे मुख्य ठाणे सुमारे साडेचार वर्षे सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यात होते. यावर एकही मोठा साहसपट निघालेला नाही.

१२.
का निघाला नसावा? ब्रह्मपुरीत कडा चढणारे कोणी नाही. तिथली गोष्ट पडद्याला मानवणारी नाही. ती धान्याची, वैरणीची, पाण्याची आणि वाट पाहण्याची आहे. फेब्रुवारी महिना म्हणजे माळशिरसच्या माळावर रब्बी ज्वारी हाताशी येण्याचे दिवस. त्याच दिवसांत नीरेकाठी शाही छावणी उतरली होती. तिच्या जनावरांना कडबा लागला असेल, माणसांना धान्य लागले असेल. छावणी हलली तेव्हा मागे राहिलेल्या कुणब्याच्या घरात काय उरले असेल, हे मोगली दरबाराच्या इतिहासकाराने लिहिलेले नाही. त्याला ते लिहिण्याचे कारणही नव्हते.

अकलूजला प्रत्यक्ष जाणारा माणूस निदान हा प्रश्न विचारू शकतो. चित्रपटगृहात बसलेल्याला तो सुचणे कठीण, कारण कॅमेरा बादशहाच्या तंबूतून बाहेर पडून ज्वारीच्या रानात जात नाही.

१३.
आज अकलूजला उतरले की सभोवती हिरवागार ऊस दिसतो. तेच सतराव्या शतकातील दृश्य असावे, असे समजण्याची चूक सहज होते. नीरा उजव्या कालव्याचे पाणी या भागात आले ते विसाव्या शतकात. त्यामागोमाग ऊस, साखर कारखाना आणि आजची समृद्धी आली. छावणीच्या काळातले अकलूज डोळ्यांसमोर आणायचे तर आधी हा ऊस मनातून काढावा लागतो. कोरडा माळ, मधून वाहणारी नीरा, काठावरचे गाव आणि नदीलगतचा भुईकोट किल्ला.

त्या किल्ल्यात आता शिवचरित्रातील प्रसंग शिल्परूपाने मांडणारी शिवसृष्टी आहे. शाळांच्या सहली येतात. मुले शिल्पांसमोर छायाचित्रे काढतात. किल्ल्याच्या आत शिवचरित्र आहे आणि किल्ल्याबाहेर, नदीच्या अंगाला, शंभूचरित्रातील सर्वांत दुःखद बातमी पोहोचली ती भूमी आहे. दोन्ही मिळून पाहिले तरच अकलूज पाहिले असे म्हणता येईल.

१४.
११ जुलै २०२५ रोजी 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा, साल्हेर, सिंधुदुर्ग आदी महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण या यादीत १९२३ पासून पडद्यावर गाजलेला सिंहगड नाही, अकलूज नाही, पेडगाव नाही आणि माचणूरही नाही. म्हणजे एखादे ठिकाण पडद्यावर गाजले म्हणून यादीत येते असे नाही, आणि इतिहासाचे सगळे ओझे वाहणारी ठिकाणे यादीत असतीलच असेही नाही.

एक प्रवास मात्र कोणत्याही एस.टी. स्थानकावरून सुरू करता येतो. पहिला मुक्काम अकलूज. तिथून पेडगाव, मग तुळापूर आणि वढू. परत फिरून भीमेच्या काठाने माचणूर-ब्रह्मपुरी. या वाटेवर दोरखंड लागत नाही आणि कडाही चढावा लागत नाही. लागतो तो नकाशा, नदीचा काठ धरून चालण्याची तयारी आणि वाटेत भेटणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला पुरेसा वेळ.

१५.
'सिंहगड'ला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. त्या मूकपटाने आणि त्यानंतरच्या साहसपटांनी मराठी माणसाला गडाची वाट विचारायला शिकवले. तंबूतल्या पडद्यावर कडा पाहिलेल्या माणसाची नातवंडे आज तो कडा चढतात. हे काम इतिहासाच्या जाड ग्रंथांना एकट्याने जमले नसते.

पुढचे काम चित्रपटाचे नाही. पडद्यावर दिसलेल्या ठिकाणी गेल्यावर पडद्यावर न दिसलेले शोधणे हे प्रवाशाचे काम आहे. सिंहगडावर गेलेल्याने १६६३ चे पत्र वाचावे. असीरगडाला गेलेल्याने कुदळ घरी ठेवावी. आणि 'छावा' पाहून डोळे पुसत बाहेर पडलेल्याने एकदा नीरेच्या काठी उभे राहावे. आषाढात तिथे टाळमृदंगाचा गजर असतो. फेब्रुवारीत गेले तर ज्वारीच्या दिवसांत नदी शांत वाहताना दिसते. १६८९ साली ती बातमी घेऊन स्वार आला, तेव्हाही नदी हीच होती.

(धागा समाप्त)